मैनेच्या मांडवातला उजेड

जयवंतानं चौक गावच्या व्याह्यांना ठणकावून सांगितलं होतं, "गॅसबत्त्या आणू नका. आमच्या कळंबात वीज हाय." वीज होती, खोटं कशाला बोला? फक्त संध्याकाळी नदीवरचे पंप आणि जयवंताची स्वतःची भाताची गिरणी एकदम चालली, की बल्बाखाली उभं राहून बल्ब शोधावा लागायचा.

त्याच्या लेकीचं, मैनेचं लग्न नेमकं गोरज मुहूर्तावर. इज्जतीचा प्रश्न! जयवंतानं डोकं लढवलं. आधी वायरमन धाऊला चहा पाजून डीपीतून विजेचा जोर वाढवून घेतला. मग आमंत्रणाला जाईल तिथं हात जोडले, "लग्नाच्या सांजेला पंप नको, घरातला दिवापण नको. तेवढी वीज माझ्या मांडवात येऊ द्या."

गाव भलतंच गुणी. एकानंही शब्द मोडला नाही. पंप थांबले, गिरणी थांबली, घरं अंधारात ठेवून सगळे नटूनथटून मांडवात आले. जयवंतानं ऐटीत खटका दाबला. क्षणभर मांडवात भरदुपार झाली, व्याही "वा" म्हणाले, आणि फटाफट निम्मे बल्ब उडाले. धाऊनं झेप घेऊन खटका बंद केला म्हणून बाकीचे वाचले.

"धाऊ, काय केलंस रं हे?" जयवंता रडकुंडीला आला.

"मी काय केलं? जोर तुमीच वाढवायला लावला, आन् वीज खाणारं गावात कोणी ठेवलंच नाय. थोडे पंप सुरू करा, गिरणी चालवा, तरच ऱ्हायलेले बल्ब टिकतील."

व्याही अंधारात खाकरले. "गॅसबत्त्या आणल्या असत्या तर..."

मग काय विचारता! पंपवाले नवी धोतरं खोचून नदीकडं पळाले. व्याह्यांना वाटलं, गाव रुसून चाललं. राहिली गिरणी. तिच्या पट्ट्याला जयवंतानं आजवर कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं, त्यामुळं ती चालवणं दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. कन्यादानाला जयवंताचा धाकटा भाऊ धोंडी बसला आणि मुलीचा बाप भाताचं पोतं घेऊन गिरणीत शिरला.

मांडव लखलखला. मंगलाष्टकं झाली, वाजंत्री वाजली. जयवंताला गिरणीच्या धडधडीत त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. डोळे मात्र भरून आले, ते कोंड्यानं असं त्यानं स्वतःला सांगितलं.

शेवटी मैना नवऱ्याला घेऊन गिरणीच्या दारात आली आणि डोक्यापासून पायापर्यंत कोंड्यानं माखलेल्या बापाच्या पाया पडली. जावईही वाकला. उठता उठता तिला हळूच म्हणाला, "गिरणीवाला बाबा भला दिसतो गं. पण तुझे वडील कुठं हायत?"