कानावरचा रिलिव्हर

भाऊबीजेची सकाळ. हजर: नागनाथआप्पा, त्यांची थोरली बहीण सुमनअक्का, शेजारीण म्हणून मी, आणि आप्पांच्या उजव्या कानावर एक सिगारेट.

सिगारेटची हजेरी लावायलाच हवी, कारण तिच्याशिवाय आप्पांना परळीत कुणी ओळखणार नाही. एक ओठात, दुसरी कानावर. कानावरचीला ते ‘रिलिव्हर’, म्हणजे पाळी बदलायला येणारा गडी, म्हणतात. सगळी नोकरी वीज केंद्रात, कोळशाच्या पट्ट्यावर, शिफ्टमध्ये गेलेली. “रिलिव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई वैनी, नियमच हाय.” धुराबद्दल बोलायला जावं तर, “परळीच्या मान्साला धुराचं कावून सांगता? आमी राख खाऊन मोठं झालेली मान्सं!”

मग अक्काचे दोन्ही गुर्दे निकामी झाले. तलवाड्याहून ती भावाकडे राहायला आली. डायलिसिसच्या फेऱ्या, गोळ्या, रिक्षा ही सगळी व्यवस्था मी हातात घेतली. आप्पांनी स्वतःकडे एकच काम घेतलं. “तिचे गुर्दे डबल ड्युटी करून थकलेत. माझा एक रिलिव्हर म्हनून पाठवतो.”

रक्तगट जुळला. डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं.

“ती छातीत जाती, डाक्टरसाहेब,” आप्पा म्हणाले. “गुर्द्याला काय नाक हाय?”

डॉक्टर हसले नाहीत. “नाक नाही, पण अंगातलं रक्त तिथेच गाळलं जातं. धुरातलं विष रक्तात उतरतं. गुर्द्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळत जातात. बहिणीला एक दिल्यावर तुम्हाला उरलेल्या एकावर जगायचंय. आधी सिगारेट सोडा, मग पुढच्या तपासण्या.”

त्या दिवसापासून ओठातली दिसेनाशी झाली. कानावरची राहिली. “नुसती बसलीय,” आप्पा सांगत. पण सकाळी चुरगळलेली सिगारेट संध्याकाळी कोरी करकरीत कशी होते, हे मी विचारलंच.

“शिफ्ट बदलली.”

आतून अक्का ओरडली, “नाग्या, तुजी शिफ्ट गच्चीवर बदलती व्हय रं? वास खाली येतोय!”

मला राग आला. म्हटलं, “आप्पा, जमत नसेल तर स्पष्ट सांगा. दुसरं कुणी शोधू.”

ते पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, “गावभर समदे आप्पा म्हनतेत. नाग्या म्हननारं एवढं एकच तोंड ऱ्हायलंय, वैनी.”

मी चहा ठेवायला आत गेले.

आज अक्कानं ओवाळलं. ताट मी खालून धरलं होतं. आप्पांनी कानावरची सिगारेट काढली आणि ताटात ठेवली.

“ही काय ओवाळणी रं?”

“बयाना समज. खरी ओवाळणी मागून.”

अक्कानं सिगारेट निरांजनापासून लांब सरकवली. “पेटंल,” म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

जेवताना आप्पांचा हात दोनदा कानाकडे गेला आणि रिकामाच खाली आला. आम्ही पाहिलं नाही असंच दाखवलं.

पुढच्या तपासण्यांसाठी दवाखान्यातून दिवस घ्यायचा आहे. सकाळपासून फोन लावतेय. सणाची सुट्टी, कुणी उचलत नाही.