देवाजीभाऊंचा बोडीवरचा शेजारी

आमचे देवाजीभाऊ खेकड्याला अहोजाहो करतात. "ते आता आराम करून राह्यले," असं म्हणून चांगल्या धडधाकट माणसाला बोडीच्या पारावरून परत पाठवतात.

बोडी म्हणजे आमच्या चामोर्शीकडचं लहानसं तळं. मातीचा बांध, म्हणजे पार, घालून पावसाचं पाणी साठवायचं, लागेल तसं धानाला सोडायचं. आमची बोडी आम्हा दोघांची सामाईक. भाऊ बसचे कंडक्टर होते. जन्मभर लोकांना "समोर सरका" म्हणून ओरडले. रिटायर झाल्यावर नेमका हा आडवा सरकणारा भेटला.

पाण्याच्या काठाशी त्याचं बीळ, दाराशी मातीच्या गोळ्यांचा ढीग. दिवसा आत दडायचं, दिवेलागणीला बाहेर यायचं. मग कुजलेला पाला, शेवाळ, जे मिळेल ते दोन्ही नांग्यांनी तोंडात. "पुरे शाकाहारी आहेत!" भाऊंनी गावभर सांगून टाकलं. दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी त्याला मेलेला मासा फाडताना पाहिलं. भाऊंनी बोटांवर वार मोजले. मग म्हणाले, "आज बुधवार आहे नं गा!"

यंदा धान पोटरीत आलं आणि पावसानं दडी मारली. बोडीचं पाणी भराभर उतरू लागलं. पाहतो तर खेकड्याच्या बिळातून ते पारापलीकडे झिरपत होतं. मी भर दुपारी फावडं घेऊन गेलो. भाऊ सरळ बिळापुढे मांडी ठोकून बसले.

"उठा भाऊ, धान मरते."

"तुहंच मरते का? माहं बी मरते."

"मंग?"

"पलीकडून बुजवू. त्यायच्या घरात फावडं नाई घालाचं."

दोघांनी पलीकडून चिखल ठासला. झिरपणं थांबलं. भाऊंनी हात धुऊन डबा उघडला आणि आधी चिमूटभर भात बिळाशी ठेवला. अंधारातून दोन डोळे वर आले.

"भाऊ, त्याले सडका पाला पाह्यजे. भात कायले?"

"मालूम आहे मले." भाऊ बिळाकडेच पाहत राहिले. "तुही वहिनी गेली तवापासून घरी एकट्याले घास उतरत नाई. इथी कोणी तरी पाहून तं राह्यते."

मी फावडं बाजूला टाकलं आणि त्यांच्याजवळ बसलो. "मले बी वाढा थोडं."

भाजीत मीठ नव्हतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.