बाळारामशेठचा रोजचा धक्का

पाचाचा शून्यावा घात एक असतो, हे ऐकून बाळारामशेठ बाकावरून उठले आणि छातीवर हात ठेवून ओरडले, "मास्तर, यो सरल सरल अन्याय हाय!"

नारपोलीतला माझा क्लास वरच्या मजल्यावर, खाली कापड विणणारे लूम. त्यामुळे मीही ओरडूनच शिकवायचो, पण शेठचा आवाज लूमच्याही वर जायचा. हे गृहस्थ कशेळीचे. शेतात गोदामं उभी राहिली तशी गळ्यात साखळी आली, दाराशी जीप आली. दोन हजार चारच्या सुमाराची ही गोष्ट. दहावीच्या पोरांत ते येऊन बसायचे ते सुनेसाठी. रंजना बीजगणितात दोनदा नापास झाली होती. गावच्या अंगणवाडीत जागा निघणार होती, त्यासाठी दहावी पास व्हायलाच हवं होतं. मार्चमध्ये शेवटचं बसायचं, असं तिनं ठरवलं होतं. ती पुढच्या बाकावर मान खाली घालून बसे. सासरे मागच्या बाकावर धक्के खात.

"पाच एकदा पन घेतला न्हाय, मंग एक आला कुठनं? जाला न टाकता मासा गावतो काय?"

मी फळ्यावर पायरी पायरीनं उतरत आलो. एकशे पंचवीस, पंचवीस, पाच. घातांक एकानं कमी झाला की पाचानं भागायचं. पाचाला पाचानं भागलं की एक.

"मंग हजाराचा?"

"एकच."

"आय शप्पत! हजार न पाच सारकंच?"

पोरं बाक बडवायची. "चाचा को फिर से समझाओ, सर!"

एकाच्या शंभराव्या घातानं तर कहर केला. "शंभर येला गुनला तरी एकच? मंग त्या बिचाऱ्यानं मेहनत कशाला केली?" दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, असं त्यांनी भर वर्गात सांगितलं. मला भयंकर राग यायचा. पोर्शन कधी संपणार? पण त्या वर्षी घातांक कुणाचेच चुकत नव्हते, हेही खरं.

जानेवारीत एका दुपारी मी नियम लिहिला, 'पाया शून्य नसावा', आणि पुढे सरकणार तोच एक हात वर आला. रंजनाचा!

"सर, शून्य का नाय चालत? शून्याचा शून्यावा घात काढला तर?"

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि प्रश्न असा, की तो आजवर मला कुणी विचारला नव्हता. पोरांपैकी कुणीही हसलं नाही.

"शून्याला शून्यानं भागावं लागेल," मी म्हणालो, "आणि ते भागता येत नाही."

"म्हणजे आपली पायरीच तुटते?"

"बरोबर!"

आता मागून आरोळी येणार म्हणून मी पाहिलं. शेठ खिडकीकडे तोंड करून रुमालानं डोळे पुसत होते.

क्लास सुटल्यावर ते जिन्यात थांबले. "मास्तर, उद्यापासना मी खाली जीपमदीच बसन."

"का? शून्याचं पटलं नाही?"

"पटला. पाचाचा पन पयल्याच दिवशी पटलेला."

मी थक्क. "मग रोजचा हा तमाशा?"

"पोर इचाराला भीत व्हती, पोरं हसतील म्हनून. मी बोललो, आदी त्यांना माज्यावर हसून घेव दे."

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. लूमच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं.

"सातवीत मी पन इचारलेला असाच एक. अख्खा वर्ग हसला. दुसरे दिवशी दप्तर घरी ठेवला न बापासंगं खाडीवर गेलो."