मुळ्याचा गाळ सिंकात गेला त्याची हकीकत

श्री. डोळ्यांस न दिसता जे अवघे देह चालविते त्या सूक्ष्मास प्रथम नमस्कार, आणि ऐकणारांस दुसरा. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, गुरुवार, ते दिवशी जीवरसायनाच्या मुलुखाची मोजदाद जाहली ती ऐसी: टेबले सहा, टेस्ट ट्यूबा दोनशे अकरा, पैकी काठ फुटलेल्या एकोणीस, पिपेटी चौतीस, पैकी आकडे पुसलेल्या पाच, कलरीमीटर दोन, पैकी चालता एक, गार राहून फिरणारे सेंट्रीफ्यूज एक, फ्रिज एक, दारावर 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत' ऐसी पाटी आणि आत शिपाई शेवाळे मामांचे दही, सिंक दोन, पैकी तुंबलेले एक. फौज एकवीस, तिघातिघांची पथके सात. टेबले सहा आणि पथके सात, म्हणोन सातव्या पथकास तुंबल्या सिंकालगतचा कडप्पा नेमून दिला होता.

या पथकात सरदार तीन. मंजिरीबाई ठोसर, ज्यांस प्रत्येक गोष्ट दोनदा मोजल्यावाचून अन्न गोड लागत नसे. प्रणोतीबाई उबाळे, ज्या घड्याळ सांभाळीत आणि तोंडही चालवीत. आणि तौफिक मुजावर, हाताचे स्थिर, पिपेटीने थेंब मोजावा तर यांनीच. मुलुखाच्या धनी अंबिके मॅडम. त्यांचा कायदा ऐसा की, वर्षाचे प्रयोग बारा, आणि ज्याच्या वहीत तीन प्रयोग रिकामे राहतील त्याच्या वहीवर सही होणार नाही, आणि सही नाही त्यास परीक्षेच्या दारात उभे करणार नाही. तौफिक सरदार भाद्रपदात टायफॉईडने अंथरुणास खिळले, त्यात त्यांचे प्रयोग दोन बुडाले. आता हा बारावा. हा गेला तर तौफिकांचे वर्ष गेले, हे तिघांसही पक्के ठाऊक होते.

मोहीम होती ती मुळ्याच्या पेशींतून पेरॉक्सिडेज नामे एन्झाइम काढून शुद्ध करण्याची. हे एन्झाइम दिसत नाही, परंतु त्यास हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ग्वायकॉल ही दोन द्रव्ये दिली की विटकरी रंग चढतो, आणि जितक्या वेगे रंग चढे तितके एन्झाइम जास्त, ऐसी त्याची ओळख. ते वेगळे करण्याची रीत अशी की मुळा बफर नामे आम्लता स्थिर राखणाऱ्या पाण्यात वाटून रस काढावा, त्यात मीठ, म्हणजे खाण्याचे नव्हे, अमोनियम सल्फेट, थोडे घालावे, म्हणजे नको ती प्रथिने खाली बसतात, आणि सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तो गाळ टाकावा आणि वरचे पाणी ठेवावे. मग त्याच पाण्यात मीठ पुष्कळ घालावे, म्हणजे आता खुद्द एन्झाइम खाली बसते, आणि या खेपेस फिरवून गाळ ठेवावा आणि पाणी टाकावे. पहिल्या फेरीस एक, दुसरीस नेमके उलटे. सेंट्रीफ्यूज एकच, म्हणोन चिठ्ठ्या टाकिल्या त्यात सातव्या पथकाची पाळी पहिली आली, आणि पहिली फेरी उत्तम पार पडली, आणि मंजिरीबाईंनी पाणी चंचुपात्रात ओतून घेतले आणि गाळाचा चिमूटभर नमुना राखून ट्यूब नळाखाली धरून ब्रशने लख्ख केली. मग दुसरी फेरी फिरली, आणि बाईंचा हात एकदा जे शिकला होता तेच पुन्हा करिता जाहला. पाणी जपून ओतून घेतले, आणि ट्यूब नळाखाली धरून ब्रशने लख्ख केली.

मग त्या पाण्यात दोन्ही द्रव्ये घातली आणि तिघे पाहत राहिले. दहा मिनिटे झाली, रंग म्हणून येईना. प्रणोतीबाई म्हणाल्या, "पेरॉक्साइड शिळं असेल." तौफिक म्हणाले, "मुळाच शिळा असेल, मंडईत शेवटचा उरलेला तू उचललास." मंजिरीबाईंनी रीतीचा कागद काढून बोट ठेवीत वाचला आणि बोट एका ओळीवर थांबले आणि चेहरा उतरला. तथापि त्या रडल्या नाहीत. सिंक तुंबलेले, त्यात बोटभर पाणी साचलेले. ड्रॉपर घेऊन जाळीजवळचे पाणी उचलिले, एका ट्यूबेत घातले. दुसऱ्या ट्यूबेत नळाचे ताजे पाणी घेतले. पहिल्या फेरीच्या गाळाचा नमुना राखून ठेविला होता तो तिसऱ्या ट्यूबेत घेतला. आणि तिहींत द्रव्ये घातली. नळाचे पाणी तसेच राहिले. पहिल्या फेरीच्या गाळास किंचित पिवळसर छटा आली. सिंकातले पाणी अर्ध्या मिनिटात भाजल्या विटेसारखे लाल जाहले.

"हे आपलं आहे," मंजिरीबाई म्हणाल्या. "आपलं एन्झाइम. मी धुऊन टाकलं."

प्रणोतीबाईंनी कपाळाला हात लाविला. तौफिक ट्यूबेकडे पाहत बोलले, "दोन प्रयोग मी टायफॉईडमध्ये घालवले मंजे, तिसरा तू नळाखाली घातलास. ब्रशनं घासलंस पण वर!" इतक्यात पाचव्या पथकाचे शंतनू खरवडे ओरड ऐकून आले आणि परिस्थिती पाहून दयेने म्हणाले, "एवढं काय त्यात? आमचे आकडे शनिवारी सकाळी येतीलच. घ्या, दुसऱ्या दशांशात जरा इकडंतिकडं करा, झालं. मागच्या वर्षी निम्म्या वर्गानं तेच केलं." तौफिकांचे मन तिकडे झुकले, आणि झुकावेच, कारण वर्ष त्यांचे होते. मंजिरीबाई म्हणाल्या, "नको." तेव्हां तौफिक तापले. "मान माझी, सुरी तुझी, आणि तत्त्वं पण तुझीच का?"

"तत्त्वं नाहीत रे. हे बघ," आणि बाईंनी लाल ट्यूब उजेडाला धरिली. "हे लाल झालं म्हणजे मुळा बरोबर, बफर बरोबर, मीठ बरोबर, तुझं मोजणं बरोबर. चुकला तो फक्त माझा शेवटचा हात. तेवढा एक हात मला परत करू दे. शनिवारी दहापर्यंत जमलं नाही तर शंतनूचे आकडे मी स्वतः तुझ्या वहीत लिहून देईन, माझ्या अक्षरात." तौफिकांनी लाल ट्यूब हाती घेऊन उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाले, "दहा म्हणजे दहा." आणि करार जाहला.

मग मंजिरीबाई धनीणबाईंच्या खोलीत गेल्या. अंबिके मॅडमनी मान वर न करिता विचारिले, "गाळ कुठे आहे?" "सिंकमध्ये, मॅडम." "कोणी टाकला?" "मी." "कशावरून सिंकमध्ये?" "तिथलं पाणी तपासलं. लाल झालं." तेव्हां मॅडमनी चष्मा काढिला. "तुलनेला काय घेतलंस?" "नळाचं पाणी. आणि पहिल्या फेरीचा गाळ." मॅडमनी चष्मा पुन्हा चढविला आणि बोलल्या, "उद्या आठ ते बारा सेंट्रीफ्यूज रिकामं आहे. बर्फ संपलाय, तो तुमचा तुम्ही आणा. शनिवारी एक वाजता मी वह्या बंद करते. एक वाजून पाच मिनिटांनी आलात तर मी तुम्हाला ओळखत नाही."

राहिल्या किल्ल्या. त्या शेवाळे मामांच्या कमरेस, आणि मामा अकराशिवाय कुलूप काढीत नसत. मामा म्हणाले, "आठला? आणि गेल्या महिन्यात माझ्या दह्याबद्दल मॅडमना कुणी सांगितलं?" "आम्ही नाही मामा, शप्पथ." "मग कोण?" प्रणोतीबाईंनी क्षणाचाही विलंब न लाविता सांगितले, "पाचवं पथक." मामा म्हणाले, "येतो आठला," आणि त्याप्रमाणे आले.

शुक्रवारी पंचमीस सूर्योदयी प्रणोतीबाई मासळी बाजारात गेल्या आणि थर्मोकोलच्या पेटीत बर्फाची अर्धी लादी फोडून आणिली आणि पेटीस बोंबलाचा वास ऐसा की मामांनी खिडक्या उघडिल्या. "कुणी एक शब्द बोललं तर बर्फ परत नेईन," ऐसे बाईंनी दारातच जाहीर केले. मंजिरीबाईंनी मुळे दोनशे ग्रॅम काट्यावर घेतले, पुन्हा घेतले, मग किसून थंड बफरात वाटले आणि मलमलीतून गाळले, रस शंभर मिली उतरला, त्यातला चमचाभर मोजणीसाठी बर्फात राखिला. तौफिकांनी मीठ सोळा ग्रॅम चार दशांश चिमूट चिमूट करून घातले, अर्धा तास लाविला, घाई केली नाही. पहिली फेरी फिरली. गाळ निघाला, पाणी राहिले. मंजिरीबाई गाळाची ट्यूब घेऊन उठल्या तो तौफिक मध्ये आले, सिंकापुढे पाय रोवून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून बोलले, "आज इथून काही जाणार नाही. टाकायचं ते बीकरमध्ये टाक, वर नाव लिही. ओतायचंच असेल तर माझ्यावर ओत." तेव्हां तिघेही त्या दोन दिवसांत प्रथम हसले.

मग दुसऱ्यांदा मीठ पडले, तेहेतीस ग्रॅम, पाणी दुधाळ जाहले, आणि दहा पस्तीसला दुसरी फेरी सुरू जाहली. सात मिनिटे झाली आणि वीज गेली. पंखे थांबले, सेंट्रीफ्यूज घुरघुरत मंदावले आणि उभे राहिले, आणि या यंत्राची जात ऐसी की वीज नाही तर झाकणही उघडत नाही. एन्झाइम आत कोंडलेले, वर गारवा उतरत चाललेला, ऊब लागता एन्झाइम नासावयाचे, आणि बारास यंत्र मोकळे करून द्यावयाचे. प्रणोतीबाई म्हणाल्या, "संपलं." मंजिरीबाईंनी वही ओढिली आणि लिहिले: दहा बेचाळीस, वीज गेली. "हे पण लिहिणार?" "झालं ते लिहायचं." मग बर्फ फोडून पिशव्यांत भरिला आणि यंत्राच्या झाकणावर रचिला, उपयोग किती झाला हे सांगता येत नाही, तथापि रचिला. तौफिक खिडकीत उभे राहून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचा दिवा पाहत होते, आणि अकरा पंचवीसला ओरडले, "आली!" आणि यंत्र पुन्हा सुरू केले, वीस मिनिटे. बारास पंधरा कमी असता झाकण उघडले. ट्यूबेच्या बुडाशी तुरीच्या डाळीएवढा, फिकट तपकिरी गाळ चिकटलेला होता.

मंजिरीबाईंनी ट्यूब तिरपी केली आणि पाणी बीकरात ओतिले आणि बीकरावर लिहिले 'टाकू नये', आणि गाळ बर्फात ठेविला. पुढे गाळ पाच मिली बफरात विरघळवून पारदर्शक नळीच्या पिशवीत बांधिला आणि पिशवी मोठ्या बीकरभर बफरात बुडवून फ्रिजमध्ये, दह्याच्या वरच्या खणात ठेविली, जेणेकरून मीठ पिशवीतून बाहेर जावे आणि एन्झाइम आत राहावे.

शनिवारी षष्ठीस पिशवी सोडिली. तौफिकांनी द्रव्ये घातली, प्रणोतीबाईंनी घड्याळ धरिले, मंजिरीबाई रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या कलरीमीटरवर बसल्या. "पंधरा," प्रणोतीबाई म्हणाल्या. "शून्य पॉइंट शून्य आठ," मंजिरीबाई म्हणाल्या. "तीस." "सतरा." "पंचेचाळीस." "सव्वीस." तौफिकांनी डोळे मिटून विचारिले, "चढतंय का?" "डोळे उघड आणि बघ." ट्यूबेत वीट उगवत होती. तेव्हां दहास पाच कमी होते. दहाच्या ठोक्यास शंतनू आले आणि कागद पुढे करून म्हणाले, "आमचे झाले बुवा. हवेत का?" तौफिक म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. आमचे गरम आहेत अजून."

मग राखिलेल्या मूळ रसाचा रंगही तसाच मोजला, दोहोंचे प्रथिन मोजले, हिशेब दोनदा केला, दुसऱ्यांदा तौफिकांनी निराळा केला, दोन्ही जुळले, आणि एकास बारा मिनिटे कमी असता तिन्ही वह्या मॅडमपुढे ठेविल्या. मॅडमनी शुक्रवार पाहिला, शनिवार पाहिला, आणि उलट जाऊन गुरुवार पाहिला. तो खोडलेला नव्हता. "सिंकमधलं पाणी लाल झालं असं लिहिलंयस. रीडिंग कुठंय?" "घेतलं नाही मॅडम. नुसतं पाहिलं." "मग 'लाल' पुढे 'डोळ्यांनी' लिही." मंजिरीबाईंनी तेथेच उभ्याने लिहिले. मॅडमनी सह्या केल्या तीन, तौफिकांच्या वहीवर प्रथम, आणि घड्याळ पाहून तारखेखाली वेळ घातली.

एवंच, सातव्या पथकाची मोहीम दिवस तीन चालली, मुळा दोन खेपा वाटला, वीज एकदा गेली, आणि अखेर जे मोजले ते ऐसे: मूळ रसात प्रथिन दोनशे दहा मिलिग्रॅम, एन्झाइम सहाशे चाळीस युनिट, पिशवीत प्रथिन बावीस पूर्णांक चार मिलिग्रॅम, एन्झाइम दोनशे पंचाहत्तर युनिट, शुद्धी चार पूर्णांक शून्य तीन पट, हाती राहिले त्रेचाळीस टक्के.