रुबेनकाका आणि दोन खिळे

रुबेनकाका झिराडकर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते नळ दुरुस्त करायला. दार उघडल्यावर त्यांनी नमस्कार केला नाही की नळ कुठे आहे ते विचारलं नाही. पँटच्या खिशातून एक जुनापुराणा क्रिकेटचा बॉल काढला, हात खांद्याइतका उचलला आणि हॉलमधल्या गालिच्यावर तो सोडला. बॉल उसळला, डावीकडे वळला आणि सोफ्याखाली गेला.

"सैल आहे," काका म्हणाले.

सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, कॅनडात येऊन तिसराच आठवडा होता. गालिचा तिने स्वतः सेलमधून निवडून आणला होता. ती जरा घुश्शातच म्हणाली, "काका, नळ किचनमध्ये आहे."

"नळ कुठे पळून जातोय? आधी त्या कोपऱ्यातून दोन इंच ओढ बघू. अरे इंजिनियर, तू काय बघत बसलास? दुसरं टोक धर."

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून गालिचा ओढत होतो आणि हा गृहस्थ कमरेवर हात ठेवून "अजून, अजून" म्हणत होता. मग त्यांनी पुन्हा बॉल टाकला. या वेळी तो सरळ त्यांच्या हातात परत आला. त्यानंतर कुठे नळाकडे लक्ष गेलं.

नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या अठरा मजली इमारतीचे ते सुपरिंटेंडंट. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, डोक्यावर उन्हाळ्यातही लोकरी टोपी. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. "आमच्या गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे," ते सांगत. "अख्ख्या गावाचा घाणा चालू, आमचा शनवारी बंद." तो नेम त्यांनी टोरांटोतही सोडला नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळला की काकांचं हत्यार खाली. शनिवारी तुंबलेला सिंक रविवारपर्यंत तुंबलेलाच. ते बसमध्ये बसत नसत, लिफ्टचं बटण दाबत नसत, खिशात काही ठेवत नसत. तो बॉलसुद्धा नाही. भाडेकरू चिडत, पण बाकीचे सहा दिवस हा माणूस इतकं चोख काम करी की तक्रार वर जात नसे.

बेसमेंटमध्ये ते एकटे राहत. घरचं कुणी कुठे आहे का, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ते सतत दुसऱ्यांच्या उणिवा काढत, त्यात माणसाला विचारायची संधीच मिळत नसे. त्यांच्या मते सरकार सैल होतं, सुमनचं पुरणपोळीचं पीठ सैल होतं आणि आमच्या मंडळाचा सत्यनारायण तर फारच सैल, कारण गुरुजी टेपरेकॉर्डरवर असायचे.

मुंबईत वीस वर्षं ते एका गिरणीत फिटर होते आणि गिरणीच्या क्रिकेट ग्राउंडवरची मॅट त्यांच्या ताब्यात असे. टोरांटोत आमचा एक क्लब होता आणि तिथेही गवताच्या खेळपट्टीची ऐपत नसल्यामुळे मुरमाच्या पट्टीवर काथ्याची मॅट अंथरून खेळायचं. मॅटच्या कडांना कड्या, कड्यांतून सहा इंची खिळे. हे काम आपसूकच काकांकडे आलं. मॅट ताणून बसली की बॉल शहाण्यासारखा येतो. कुठे सुरकुती राहिली तर तोच बॉल तोंडावर येतो. हेल्मेट हा प्रकार आम्ही तेव्हा फक्त मोटरसायकलवर पाहिला होता.

आणि मग मुंबईच्या एका क्लबाचा संघ कॅनडाच्या दौऱ्यावर यायचं ठरलं. प्रत्येक प्रांताच्या संघाशी एक सामना, आणि ऑन्टारिओचा सामना आमच्या ग्राउंडवर, शनिवार-रविवार. आमच्या क्लबाचे सेक्रेटरी डॉक्टर केळकर. हाडांचे डॉक्टर आणि त्याहून मोठे संयोजक. त्यांनी चार महिने झोप घेतली नाही. ऑन्टारिओच्या संघात ओपनर म्हणून माझी निवड झाली. फार कौतुक करू नका, खरा ओपनर लग्नासाठी त्रिनिदादला गेला होता. पाहुण्यांकडे एक उंचापुरा फास्ट बोलर होता. त्याने आधीच्या प्रांतात एकाची बरगडी मोडल्याची बातमी केळकरांनीच मला मोठ्या उत्साहाने सांगितली.

शुक्रवारी काका दुपारीच ग्राउंडवर आले. एकेक खिळा ठोकत, प्रत्येक हातभर अंतरावर बॉल टाकून बघत त्यांनी पाच तास काम केलं. उत्तरेच्या टोकाला जमिनीत दगड होता. तिथले दोन खिळे त्यांनी तिरके घातले, मला न दाखवता, हाताच्या आडोशाने. सात वाजता ते उठले.

"जुलैतला शुक्रवार इथे मोठ्या मनाचा आहे," आकाशाकडे बघत ते म्हणाले. "नऊपर्यंत सूर्य हलत नाही. सगळे खिळे झाले. आता हिला कुणी हात लावायचा नाही." मग ते शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, मेणबत्त्या लावायला घरी गेले.

पुढचं सांगायला मला अजून लाज वाटते. आठच्या सुमाराला रेडिओवर रात्री पाऊस पडेल असं सांगितलं. केळकर घाबरे झाले. "मॅट भिजली तर संपलंच! आपण काढून शेडमध्ये ठेवू. सकाळी पुन्हा लावू. खिळे ठोकायला काय लागतं?" तिथे आम्ही चौघं होतो, तीन इंजिनियर आणि एक हाडांचा डॉक्टर. इतक्या डिग्र्या एकत्र जमल्यावर खिळ्यांची काय भीती? मॅट गुंडाळली. रात्री पावसाचा थेंब पडला नाही.

सकाळी सहाला येऊन आम्ही ती लावायला घेतली. साडेनऊपर्यंत लावत होतो. उत्तरेच्या टोकाचे दोन खिळे काही केल्या आत जाईनात. एक वाकला, दुसरा अर्धा वर राहिला. केळकरांनी तो बुटाने दाबला आणि म्हणाले, "इट्स फाइन."

सव्वादहाला काका आले. शनिवार असल्यामुळे घरापासून दीड तास चालत. मी पॅड बांधत होतो. ते मॅटच्या दक्षिण टोकाला उभे राहिले आणि हात मागे बांधून टाचेने दाबत पुढे निघाले. चौथ्या पावलाला थांबले.

"ही मी ठोकलेली नाही."

केळकरांनी घसा साफ केला. पाऊस, रेडिओ, खबरदारी असं बरंच बोलले. काकांनी ऐकून घेतलं नाही. ते उत्तरेच्या टोकापाशी जाऊन वाकले. बॅट्समनच्या पुढे तीन पावलांवर, जिथे फास्ट बोलरचा बॉल पडणार तिथेच, मॅटवर बोटाइतकी सुरकुती उठली होती.

"ठोका," ते म्हणाले. "मी सांगतो. सांगायला बंदी नाही."

मी पॅड बांधूनच हातोडा घेतला. "तिरका धर. अजून तिरका. अरे, दगडाला डावीकडून चुकव!" खिळा वाकला. दुसऱ्याने प्रयत्न केला, तोही वाकला. केळकरांनी स्वतःचं बोट ठेचून घेतलं. काकांचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकलेले होते आणि बोटं पांढरी पडली होती. अकराला दहा मिनिटं होती. टॉस होऊन गेला होता, बॅटिंग आमची होती. समोरच्या बाजूला तो फास्ट बोलर हात फिरवत अंग गरम करत होता.

अंपायर, एक म्हातारे इंग्लिश गृहस्थ, येऊन म्हणाले, "फाइव्ह मिनिट्स, जेंटलमेन."

"चालेल हो काका," केळकर म्हणाले. "एवढीशी तर सुरकुती आहे. लोक बघतायत."

"हायमची पण एवढीशीच होती," काका म्हणाले.

हायम कोण, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काका मॅटकडे बघत बोलले, भराभर, जणू कुणी थांबवेल या भीतीने. "गिरणीचं ग्राउंड. डिसेंबरचा शुक्रवार. सहाला सूर्य बुडाला. दोन खिळे राहिले होते. दोनच. मी हातोडा ठेवला, शब्बाथ आला म्हणून. शनिवारी माझा धाकटा भाऊ बॅटिंगला गेला. चौथा बॉल तिथून उठला." त्यांनी स्वतःच्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "तो गेला."

खेळायचंच नाही असं ठरवून मी पॅडचा पट्टा सोडायला वाकलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पायातल्या पॅडपासून तोंडापर्यंत.

मग त्यांनी मागे बांधलेले हात सोडवले. कोट काढून घडी घातली आणि गवतावर ठेवला. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. "आण तो हातोडा," म्हणून त्यांनी केळकरांच्या हातातून तो घेतला.

मॅटची कड गुडघ्याने दाबून त्यांनी ती दोन बोटांइतकी ओढली, खिळा तिरका लावला आणि चार घावांत आत घातला. दुसऱ्याला पाच लागले. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. मग ते उठले. हातोडा त्यांनी हळूच खाली ठेवला आणि साइटस्क्रीनच्या मागे जाऊन पाठ फिरवून बसले.

त्या बोलरचा पहिलाच बॉल बरोबर त्या जागी पडला. सबंध ग्राउंडला दिसला नसेल इतका स्पष्ट मला दिसला. तो सरळ कमरेपर्यंत आला आणि मी तो जमिनीवर दाबला. त्या पलीकडे माझ्या खेळात सांगण्यासारखं काही नाही. अकरा धावांवर मी बोल्ड झालो, आणि सामना आम्ही रविवारी चहापर्यंत हरलो.

सोमवारी काका घरी आले. बॉल टाकला, गालिचा पास झाला, आणि मग खिशातून निळं हवाई पत्र काढलं. आत मजकूर लिहून, पत्र चिकटवून झालं होतं.

"वर पत्ता लिही. तुझ्या अक्षरात."

पत्ता इस्राएलमधला होता. हायम झिराडकर. म्हणजे गेला होता तो डोळा, भाऊ नव्हे.

"तुमचं अक्षर इतकं वाईट आहे?" मी गमतीने विचारलं.

"माझं अक्षर तो ओळखतो. न उघडता परत पाठवतो. चौदा वर्षं झाली." काका खिडकीकडे बघत होते. "हॉस्पिटलात म्हणाला होता, 'दोन खिळ्यांपुरता देव थांबला नसता का रे, भाऊ?' मग तो तिकडे गेला, मी इकडे आलो."

"आत काय लिहिलंय?"

"या शनिवारी मॅटचे दोन खिळे ठोकले, ओपनर उतरायच्या आधी. एवढंच."

सुमनने न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवला. मी शाळेतल्यासारखं सुवाच्य अक्षर काढून पत्ता लिहिला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझंच नाव आणि फ्लॅटचा नंबर. प्रत्येक ओळ दोनदा तपासली, कारण पत्र परत आलं तर ते माझ्या अक्षरात परत येणार होतं.

आठवडे गेले. काका रोज खालच्या टपालपेट्यांपाशी माझ्याआधी हजर असत. माझी पेटी उघडायचा त्यांना अधिकार नव्हता, म्हणून मी येईपर्यंत शेजारी उभे राहत आणि आम्ही दोघंही हवापाण्याबद्दल बोलत असू.

सप्टेंबरात ते पत्र आलं. आमचं परत आलेलं नव्हे, तिकडचं. मी ते न फोडता त्यांच्या हातात दिलं आणि वर आलो. अर्ध्या तासाने दार वाजलं. काका बूट न काढता, टोपी न काढता, सरळ गालिच्यावरून चालत आत आले. बॉल टाकायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. पत्र त्यांनी माझ्यापुढे धरलं. आत एकच ओळ होती.

"ओपनरनं किती केले?"

"अकरा," मी म्हणालो.

"अकरा! अकरासाठी मी शब्बाथ मोडला?" काका माझ्यावर खेकसले. मग ते सोफ्यावर बसले, लोकरी टोपी काढून तोंडावर धरली आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. सुमन त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी पेन शोधायच्या निमित्ताने खोलीभर फिरत राहिलो, कारण माझीही तीच अवस्था झाली होती.

थोड्या वेळाने टोपीमागून आवाज आला. "लिहायला घे. अकरा लिही. खोटं त्याला कळतं."

"लिहिलं. पुढे?"

"लिही, ओपनर अगदीच सैल आहे." काकांनी टोपीने डोळे पुसले. "पण त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. हे ठळक अक्षरात लिही."