वाणात गेलेल्या माश्या

"एक मार्चला नदीत पहिला गळ पडेल तो धायरीचा," असं हिंमतराव दिवाळीपासून सांगत होते. सांगत होते म्हणजे बायकोलाच. दुसऱ्या कुणाला सांगायची त्यांना बंदी होती.

त्याचं असं झालं. दसऱ्यानंतर मुलाने, इंद्रजीतने, त्यांना हिमाचलात तीर्थन नदीवर नेलं आणि तिथे हिंमतरावांच्या गळाला एक ट्राउट मासा लागला. लागला तेव्हा वीतभर होता. चंदीगड येईपर्यंत तो हातभर झाला, आणि पुण्यात, धायरीत उतरला तेव्हा त्याला पाण्याबाहेर काढायला दोन माणसं लागली होती! पण तेवढ्यात हंगाम संपला. थंडीत ट्राउट अंडी घालतो, म्हणून तिथे मार्च उजाडेपर्यंत मासेमारी बंद. हिंमतराव परत आले ते शरीराने.

शर्मिलाताईंच्या माहेरी चार पिढ्यांची माळ. त्यांनी एकच विचारलं, "खाणार का तो मासा?"

"छे, छे. पकडायचा आणि सोडून द्यायचा."

"मग पकडायचाच कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर अजून कुणालाच सापडलेलं नाही. शेवटी तह झाला: मार्चमध्ये खुशाल जा, पण सोसायटीत कुणाला अवाक्षर कळता कामा नये. कळलं, की तिकीट रद्द. या कलमाचं कारण चार मजले वर राहत होतं. निशाताई म्हणजे चेअरमन विश्वजीतरावांच्या पत्नी, भजनी मंडळाच्या अध्यक्षा, आणि जिन्यातल्या बादलीत अंड्याचं टरफल दिसलं तर ते कोणत्या घरचं हे न वाकता ओळखणाऱ्या.

तर हिंमतराव थंडीभर घरात बसले. नुसते बसले नाहीत. ट्राउट हा मासा चोखंदळ. त्याला कणकेची गोळी चालत नाही, माशी लागते. आणि ती माशी गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून माणसाने बनवायची. पिसं हवीत कोंबड्याच्या मानेची. चिकनवाल्या कचरूच्या दुकानापुढे हिंमतराव तासन्‌तास उभे राहून, पोरीसाठी स्थळ बघावं तसे कोंबडे बघत. मान आवडली की म्हणत, "हा." कचरू विचारी, "किलो काय अर्धा?" हिंमतराव म्हणत, "नुसती पिसं. बाकीचा तुलाच." कचरूने त्यांच्या घरी काहीतरी अडचण असावी असं ठरवलं आणि पुढे विचारायचं सोडून दिलं.

मग दार लावून काम चाले. तांबडं पीस, काळी कंबर, सोनेरी दोरा आणि झळकायला मोरपिसाची एकेक काडी. नमुन्याला वापरलेलं मोरपीस देव्हाऱ्यातलं होतं, पण ते असो. शर्मिलाताईंनी त्या प्रकाराचं तोंड बघायचं नाही असं आधीच जाहीर केल्यामुळे माश्या निर्वेध वाढत होत्या. फक्त ठेवायच्या कशात? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कापूर भरून द्यायला शर्मिलाताईंनी बोहरी आळीतून चिमुकल्या पारदर्शक डब्या घाऊक आणल्या होत्या. हिंमतरावांनी त्यातल्या निम्म्या उचलल्या, प्रत्येकीत कापूस घातला, कापसावर एकेक माशी निजवली आणि खोका पलंगाखाली सारला. कापराच्या डब्यांचा खोका शेजारीच होता. दोन्ही खोके एकाच दुकानाचे. कोंबड्याची मान एवढी पारखून घेणारा माणूस, पण हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी घरात पुरुषांचं काय काम? हिंमतराव कानटोपी, मफलर चढवून फिरायला गेले. इकडे शर्मिलाताईंचे दोन्ही हात हळदीकुंकवात. त्यांनी सुनेला, तेजस्विनीला, पलंगाखालचा खोका आणायला सांगितलं. तेजस्विनी हिंजवडीच्या कंपनीत. त्या घटकेला ती कानात इयरफोन घालून मीटिंगमध्ये होती. हाताला आला तो खोका तिने ओढला आणि बॉसला "येस, शुअर" म्हणत म्हणत सगळ्या माश्या लुटल्या.

हिंमतराव परतले तेव्हा बायकोचा चेहरा उजळला होता. असं वाण सोसायटीत आजवर कुणी दिलं नाही, असं सगळ्या म्हणाल्या म्हणे. कापराऐवजी ब्रोच द्यायची कल्पना नक्की सुनेची, हो की नाही?

हिंमतराव वाकून पलंगाखाली बघायला लागले. खाली कापूर होता. वास त्याचाच येत होता.

त्यांनी बायकोला खरं सांगितलं. शर्मिलाताई आधी खुर्चीत बसल्या. मग त्यांच्या डोळ्यांपुढे निशाताईंची मोरपंखी पैठणी आली आणि तिच्यावर खोचलेली कोंबड्याची मान. त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्या परत आणा. काय सांगायचं ते सांगा, खरं सोडून. नाहीतर विसरा तुमची नदी."

कापराच्या डब्या पिशवीत घालून हिंमतराव वर गेले. निशाताई दारातच भेटल्या. पैठणी अजून अंगावर, आणि डाव्या खांद्यावर हिंमतरावांची सगळ्यात देखणी माशी. नदीत हिलाच आधी सोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"वहिनी, ते वाण जरा चुकून गेलं. बदलून देतो."

"दिलेलं वाण मागायला आलेला माणूस पहिलाच बघितला," निशाताई म्हणाल्या. "बायकोला माहितीये का?"

"त्या ब्रोचचा रंग लागतो हो कपड्याला."

"कपडा माझा आहे. तुमचं काय जातंय?"

काय जातंय हे सांगता येत नसल्यामुळे, कुठे रंग लागलाय ते दाखवायला हिंमतराव बोट पुढे करून वाकले. तेवढ्यात मफलर माशीला अडकला. ते झटक्यात मागे सरले, तशी माशी आणखी रुतली. मासा सोडून द्यायचा असेल तर गळाची उलटी आकडी आधी दाबून सपाट करावी लागते, म्हणजे तो अलगद सुटतो. हे काम हिंमतरावांनी फेब्रुवारीवर ठेवलं होतं.

आता एका टोकाला निशाताईंचा पदर, दुसऱ्या टोकाला हिंमतरावांचा मफलर. लिफ्टमधून उतरलेल्या विश्वजीतरावांनी दोघांकडे पाहिलं.

"होम झाला, की व्हायचाय?" त्यांनी विचारलं.

पक्कड हिंमतरावांच्या घरी, आणि लिफ्ट तेवढ्यात निघून गेलेली. त्यामुळे वरात एकेक पायरी खाली निघाली. पुढे हिंमतराव, मागे निशाताई, त्यांच्या मागे पिशवी धरून विश्वजीतराव. प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली. शर्मिलाताईंनी आपलं दार उघडलं आणि वरात आत घेतली.

पैठणीला कात्री लावू देणार नाही, असं निशाताईंनी बजावल्यावर मफलर कापला. तो सासूबाईंनी विणलेला होता. पक्कडीने आकडी दाबली, तशी माशी पदरातूनही सुटली. ती हातात धरून निशाताईंनी चष्मा वर केला आणि नको तो प्रश्न विचारला, "पीस कशाचं आहे हो हे?"

हिंमतरावांना तीर्थन नदी डोळ्यांदेखत आटताना दिसली.

"मोराचं," शर्मिलाताई म्हणाल्या. चार पिढ्यांच्या माळेत पहिली गाठ पडली. "मुरलीधराला वाहिलेलं. हे स्वतः बनवतात. सांगायला लाजतात."

निशाताईंनी माशी कपाळाला लावली. मग हळूच म्हणाल्या, "एक मार्चला मंडळाचा वर्धापनदिन आहे. सगळ्यांना एकसारखी पाहिजेत. भाऊजी देतील ना?"

हिंमतराव बायकोकडे बघत राहिले. ती निशाताईंकडे बघून हसत म्हणाली, "न द्यायला काय झालं? एक मार्चला ते घरीच असतात."

उरलेला हिवाळाही असा सत्कारणी लागला. एक मार्चला सोसायटीच्या हॉलमध्ये टाळ वाजत होते आणि हिंमतराव पहिल्या रांगेत बसून प्रत्येकीच्या खांद्यावरची माशी बघत होते: धायरीतला अख्खा थवा त्यांच्या गळाला लागला होता आणि एकही सोडून देता येत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर निशाताई मुद्दाम जवळ आल्या. "भाऊजी, हे पाण्यात घातलं तर चालेल का हो? धुवायला?"

"गार, वाहत्या पाण्यात घाला," हिंमतराव म्हणाले. "तिथे फार सुंदर दिसतं."

आणि त्या पुढचं काही विचारायच्या आत ते चपला शोधायला उठले.