होल्डवरचा डबा

नानांनी आमची ओळख करून घेतली ती माझा जेवणाचा डबा जमिनीवर टाकून. चुकून नाही, मुद्दाम.

बाबांना भोसरीत पत्र्याचे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काम लागलं होतं आणि आम्ही मराठवाड्यातून सामान घेऊन मोशीत खोली बघत हिंडत होतो. नाना घरमालक. पांढरा सदरा, वरच्या खिशात पोलादी टेप. त्यांनी भाड्याचं, माणसांचं, पाण्याचं काही विचारलं नाही. माझ्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवलं.

"आत काय हाय का?"

"नाही. रिकामा आहे."

त्यांनी तो घेतला. जिन्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ होती. डबा बरोबर त्या रेघेपर्यंत उचलला आणि सोडून दिला. खण्णकन आवाज झाला, आई दचकली. झाकण मात्र उघडलं नाही. नानांनी डबा उलटासुलटा करून बघितला, खिशातून हिरव्या रंगाची एक गोल टिकली काढली आणि झाकणावर चिकटवली.

"एक मीटर. पास. खोली तुमची."

बाबा हसत म्हणाले, "आणि झाकण उघडलं असतं तर?"

"तर होल्ड," नाना म्हणाले. ते हसले नव्हते. "तीन दिवस इचार केला असता."

नानांच्या घराण्याची शेती इंद्रायणीच्या कडेला होती. आता तिथे इमारती आहेत, आणि त्यातली सगळ्यात बुटकी आमची. पण नाना स्वतः शेतात फारसे रमले नाहीत. त्यांनी सव्वीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात मालतपासणी केली. बाहेरून आलेला माल बघायचा. चांगला असला तर हिरवी टिकली, वाईट असला तर लाल, आणि ठरवता येत नसेल तर पिवळी. पिवळी म्हणजे होल्ड. घ्यायचंही नाही, परतही पाठवायचं नाही, बाजूच्या फळीवर ठेवायचं. पण तीन दिवसांच्या वर नाही. "होल्डवर माल सडवत ठिवतो तो इन्स्पेक्टर न्हाई, भित्रा माणूस," असं ते म्हणत.

कारखान्याने त्यांना निरोप दिला तेव्हा शाल दिली आणि नारळ दिला. टिकल्यांची बंडलं त्यांनी आपली आपण आणली असावीत.

आमच्या इमारतीत नवीन आलेली कोणतीही वस्तू नानांच्या हातातून सुटत नसे. कुकर, छत्री, चप्पल, मोबाइलचं कव्हर. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मुलगा आला, तर नानांनी जिन्यातच त्याचं हेल्मेट मागून घेतलं आणि एक मीटरवरून सोडलं. तडा गेला. लाल टिकली. पाहुणे वर चहा पीत होते आणि नाना खाली सगळ्यांना सांगत होते, "पोरगा बरा हाय, पण डोकं कशात घालतो बगा." लग्न झालं. आधी नवीन हेल्मेट झालं.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "दुसऱ्यानं मोजलेलं मोजलेलं नसतं." दुकानदाराने सहा अंडी दिली की ते तिथेच पुन्हा सहा मोजत. मी त्यांच्या गोळ्या आणून दिल्या तर, "किती हायत?" विचारत, मी सांगितलं की मान डोलावत आणि मग स्वतः मोजत. मला आधी वाईट वाटायचं. नंतर कळलं की त्यात माझ्यावर अविश्वास नव्हता. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाच्याच मोजणीवर सही केली नव्हती.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. बी.एस्सी. कॉम्प्युटर. त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या बिघडलेल्या मोबाइलांची मी डॉक्टर झाले. मला सगळं येतं असा लोकांचा समज होता आणि येत नाही हे सांगायची मला लाज वाटायची. एके दिवशी नानांनी हाक मारली.

"अश्विनी, हिकडं ये. हे काय हाय, सांग."

टेबलावर तीन नवी खोकी होती. आत बोटभर लांबीची यंत्रं, पेन ड्राइव्हसारखी, छोटा पडदा असलेली. हार्डवेअर वॉलेट. मी वर्गात फक्त नाव ऐकलं होतं.

"नाना, ते क्रिप्टो असतं ना, कॉम्प्युटरवरची नाणी, ती याच्यात... म्हणजे त्यांची किल्ली याच्यात असते. बहुतेक."

"बहुतेक चालत न्हाई. शिकून ये."

मी चार दिवस वाचून आले. तोवर त्यांनी जाड वहीत रकाने आखले होते. एक नंबरचा पत्र्याच्या कव्हरचा, दोन नंबरचा प्लास्टिकचा, तीन नंबरचा मोठ्या पडद्याचा. आधी खोक्यातली मोजणी. एक नंबरच्या खोक्यात यंत्र एक, वायर एक आणि कोरी कार्डं तीन. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की ते चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं, ते त्या कार्डावर लिहून ठेवायचे असतात. दोन नंबरच्या खोक्यात वायर नव्हती. नानांनी कुरिअरवाल्याला परत बोलावून अख्खं खोकं माघारी दिलं. "पीस कमी म्हणजे लॉट रिजेक्ट." नवीन यायला आठ दिवस गेले.

मग परीक्षा. आधी रेघेवरून दहा-दहा वेळा पाडणं. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीवर दिवसभर उन्हात. मग स्टीलच्या डब्यात ठेवून मिठाच्या पाण्याचा फवारा, रोज सकाळी, पूजेसारखा. दोन नंबरच्या वायर खोचायच्या तोंडाला आठवड्यात गंज चढला. लाल टिकली.

सुरक्षेसाठी त्यांनी सगळ्या भाडेकरूंना रांगेत बोलावलं आणि यंत्र उघडायचा गुप्त आकडा ओळखायला लावला. एक नंबरने तिसरा चुकीचा आकडा पडताच आतलं सगळं पुसून टाकलं. तीन नंबर प्रत्येक चुकीला आधीच्या दुप्पट थांबायला लावायचा. नाना त्याच्यावर खूश. "ह्यो वॉचमन चांगला. मारत न्हाई, पण माणसाला बसवून ठिवतो." बाबा संध्याकाळी शिफ्टवरून आले तर त्यांनाही आकडा टाकायला लावला. बाबा म्हणाले, "नाना, मी दमून आलोय राव. मलाच एक लाल टिकली लावा आणि जाऊ द्या."

सगळे हसत होते. मीही. पण हे कशासाठी चाललं आहे हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. शेवटी एक दिवस नानांनीच कपाट उघडलं.

आत बाजूच्या फळीवर एकच खोकं होतं. एक नंबरसारखंच, त्याच बनावटीचं. वर पिवळी टिकली. तिचा रंग उडून ती जवळजवळ पांढरी झाली होती.

"परशाचा हाय," ते म्हणाले.

प्रशांत त्यांचा मुलगा. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली होती. चाकणच्या कंपनीतली चांगली नोकरी त्याने सोडली आणि घरी बसून कॉम्प्युटरवर नाण्यांचे व्यवहार करू लागला. नानांना ते पटलं नाही. बोलून दाखवता आलं नाही, म्हणून त्यांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं. चार पाहुण्यांसमोर मुलाच्या शर्टावर लाल टिकली चिकटवली.

"मला वाटलं हसंल," नाना म्हणाले. "न्हाई हसला."

महिन्याभरात तो दुबईला गेला. जाताना हे खोकं बापाच्या हातात देऊन म्हणाला होता, "हे तेवढं नीट सांभाळा. येऊन घेऊन जातो." त्याला चार वर्षं झाली. दिवाळीला मोबाइलवर पणतीचं चित्र येतं. खाली नाव नसतं, नुसतं चित्र.

"म्हणून म्हनलं, ह्यो पीस किती दिवस टिकतो ते बगावं. दमट हवेत, उन्हात. कोण उघडू शकतो का. तो येस्तवर माल शाबूत पायजे. न्हाई तर येऊन म्हणंल, बापाला एवढंबी जमलं न्हाई."

मी म्हटलं, "आपण नीट तपासू, नाना." आणि मी खरंच मन लावून तपासायला लागले. तीच माझी चूक झाली.

वाहतुकीत हादरे किती सोसतो हे बघायला तीन नंबर तळमजल्यावरच्या राजूभाऊंच्या गाडीच्या हँडलला बांधला होता. ते रोज नाशिक रोडने चाकणला कामाला जात. चौथ्या दिवशी दोरी सुटली आणि मागून येणारा कंटेनर त्याच्यावरून गेला. राजूभाऊंनी तुकडे रुमालात गोळा करून आणले. "नाना, तुमचा वॉचमन गेला बघा."

नाना लाल टिकली काढत होते. मी म्हटलं, "थांबा. एक परीक्षा राहिली." तीन नंबरचे चोवीस शब्द आम्ही कार्डावर लिहून ठेवले होते आणि त्याने दाखवलेला नाण्यांचा लांबलचक पत्ताही वहीत उतरवला होता. एक नंबर पुसला गेल्यापासून कोराच पडून होता. मी त्याच्यात ते शब्द एकेक करून टाकले. अर्धा तास गेला. मग पडद्यावर पत्ता आला. मी वहीवर बोट ठेवून एकेक अक्षर पडताळलं. तोच होता.

मला केवढा आनंद झाला. पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा माझ्या हातून खरं झालं होतं.

"नाना, बघा! यंत्राचा चुरा झाला तरी काही बिघडत नाही. किल्ली शब्दांत असते. ते शब्द असले की जगात कुठेही नवीन यंत्र घ्यायचं आणि उघडायचं."

"कुटंबी?"

"कुठेही. दुबईतसुद्धा."

तोंडातून शब्द गेला आणि मग मला कळलं मी काय बोलले. नाना माझ्याकडे बघत नव्हते. रुमालातले तुकडे ते टेबलावर एका ओळीत लावत होते, लहानमोठे.

"बरं," ते म्हणाले. "जा. अभ्यास कर."

वहीत मी त्या परीक्षेपुढे आधीच "पास" लिहून हिरवी टिकली लावली होती. दोन दिवसांनी चोरून बघितलं तर तिच्यावर पिवळी बसवलेली होती. खालच्या हिरव्याची कड थोडी दिसत होती.

त्यानंतर दोन आठवडे इमारतीत काहीच पडलं नाही. राजूभाऊंनी नवा टिफिन आणला आणि मुद्दाम नानांच्या दारासमोरून दोनदा नेला. नाना खुर्चीत बसून होते. त्यांनी बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. आई म्हणाली, "म्हाताऱ्याला बरं नाही का गं?" मला जेवण जात नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली. टेबलावर परशाचं खोकं होतं आणि वही उघडी होती. पानावर सगळ्यात वर, चार वर्षांपूर्वीच्या शाईत लिहिलेलं होतं: "परशा. डबा एक. आतील मोजणी: बाकी."

म्हणजे इतक्या वर्षांत त्यांनी हे खोकं आतून मोजलंच नव्हतं. एक वायर कमी म्हणून लॉट परत पाठवणारा माणूस.

"मोज," ते म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी झाकण उघडलं. यंत्र होतं, एक. वायर एक, अजून गुंडाळलेली. कार्डं खालच्या कप्प्यात होती. मी ती बाहेर काढली. या बनावटीच्या खोक्यात किती कार्डं असतात हे मला माहीत होतं, आणि नानांनाही.

कार्डं दोन होती. दोन्ही कोरी. शब्द लिहिलेलं तिसरं त्यात नव्हतं.

मी कप्पा उलटा करून बघितला. खोक्याच्या तळाशी बोट फिरवलं. पुन्हा मोजली. दोन वस्तू पुन्हा मोजायला किती वेळ लागतो? पण मी वेळ लावला.

"यंत्र?" खिडकीतून आवाज आला.

"एक."

"वायर?"

"एक."

खाली कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती.

"कार्डं किती?"

मी परीक्षेत कधी शेजारच्या पेपरात बघितलं नाही. घरी मला खोटं बोलता येत नाही म्हणून हसतात.

"तीन," मी म्हटलं.

"तीन," नाना म्हणाले. "लिही. खाली सही कर. मोजणाऱ्याची लागते."

मी लिहिलं आणि सही केली. अजून वळणाची सही मला येत नाही, म्हणून पूर्ण नाव लिहिलं. नाना टेबलाजवळ आले. मी कार्डं परत कप्प्यात ठेवली होती, पण झाकण उघडंच होतं, आणि मला वाटलं की आता सगळं संपलं. आता ते मोजतील.

त्यांनी एका हाताने झाकण बंद केलं आणि दुसऱ्या हाताने चिकटपट्टी मागितली. कडेने पट्टी फिरवली, अंगठ्याने दाबून बसवली, पुन्हा एकदा दाबली. जुनी, रंग उडालेली टिकली नखाने खरवडून काढली आणि तिच्या जागी नवी पिवळी लावली.

"तीन दिवसांनी बगू," ते म्हणाले, आणि खोकं फळीवर ठेवून दिलं.